एक्क्याऐंशीस एकोणीस

गेली एकवीस वर्षं मी दुधात पाणी घालतो आहे आणि मला कोणी पकडलेलं नाही. घाबरू नका, फळ्यावर घालतो. डोंबिवली पूर्वेला एका बँकेच्या वरच्या मजल्यावर आमचा स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे, तिथे मी अंकगणित शिकवतो. नळ-टाकी, काळ-काम, नफा-तोटा आणि मिश्रणं. कारकून व्हायचं तर एवढं आलंच पाहिजे असं भरती काढणाऱ्यांना वाटतं. का वाटतं, ते मी विचारत नाही. ज्याचे गुडघे तिसऱ्या बॅचला कुरकुरायला लागतात अशा सत्तावन्न वर्षांच्या माणसाने फार प्रश्न विचारू नयेत.

माझं एक गाइडही आहे, गुलाबी कव्हरचं. त्यावर 'सहदेव परब' असं ठळक छापलेलं आहे. ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत ज्याने म्हणून भरतीचा फॉर्म भरला त्याच्या घरी ते असतं, आणि फॉर्म भरणं सोडून दिल्यावर ते शेजारच्या मुलाकडे जातं. ही गोष्ट घडली तेव्हा सोळावी आवृत्ती चालू होती. पान एकशे बारा, उदाहरण सात. सगळं रामायण त्या उदाहरणावरून झालं, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

एका भांड्यात चाळीस लिटर दूध आहे. त्यातलं चार लिटर काढून तेवढंच पाणी घातलं. मग त्या मिश्रणातून पुन्हा चार लिटर काढून पुन्हा तेवढंच पाणी घातलं. तर भांड्यात आता दूध आणि पाणी यांचं गुणोत्तर किती?

गाइडात उत्तर होतं चारास एक. दोनदा चार काढले, आठ गेले, बत्तीस उरले. बत्तीसास आठ, म्हणजे चारास एक. सुटसुटीत, स्वच्छ उत्तर. मुलांना असली उत्तरं फार आवडतात.

गेल्या मे महिन्यात दुसऱ्या बाकावरून एक हात वर झाला. सगुणाताईंचा. वर्गातल्या त्या सगळ्यात मोठ्या, बेचाळीस वर्षांच्या. खडवलीहून यायच्या. सासरे काळुराम यांच्या चार म्हशी, त्यांच्या धारा, शेण, दहावीतल्या मुलीचा डबा, हे सगळं उरकून अकराच्या बॅचला वेळेवर हजर. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला होता. दिराच्या तोंडाकडे बघत आयुष्य काढायचं नाही म्हणून त्यांना नोकरी हवी होती, हे त्यांनी प्रवेश घेताना सरळ सांगितलं होतं. येत्या फेब्रुवारीत त्यांना त्रेचाळीस पूर्ण होणार होती. त्यानंतर फॉर्म भरता येणार नव्हता. म्हणजे हीच शेवटची परीक्षा.

"सर, ते चारास एक नाय येत," त्या म्हणाल्या.

"का येत नाही?"

"आमच्याकडं पावणे आले ना सर, की ताकाचा टोप भरलेला असतो. समजा दहा गिलास ताक. एक पावणा पिला की सासू टोपात एक गिलास पानी वतते. दुसरा पिला, अजून एक गिलास. तुमच्या हिशोबानी दहावा पावणा पिऊन गेला की टोपात नुसतं पानी उरायला पायजे. तसं नसतं सर. अकराव्याला पन ताकच भेटतं. पातळ असतं, पन ताक असतं. कारन दुसरा गिलास काढताना पहिलं वतलेलं पानी पन थोडं निघून जातं ना."

वर्ग खो खो हसला. हसणाऱ्यांत मी पहिला होतो, हे आज सांगताना तोंड कडू होतं.

"ताई, परीक्षेला म्हशी घेऊन बसणार आहात का?" मी म्हणालो. "गाइडात आहे ते लिहायचं. चारास एक. चला, पुढचं घ्या."

त्या खाली बसल्या. वहीत काहीतरी लिहीत राहिल्या.

आता खरं सांगतो. त्यांचं बरोबर आहे हे मला त्या क्षणी ठाऊक होतं. त्याच्याही बारा वर्षं आधीपासून ठाऊक होतं. जगन नावाचा एक मुलगा तेव्हा चौथी आवृत्ती घेऊन माझ्याकडे आला होता. सर, दुसऱ्या वेळी जे चार लिटर निघतात त्यात दूध फक्त तीन पूर्णांक सहा असतं, म्हणजे उरतं बत्तीस पूर्णांक चार, आणि गुणोत्तर येतं एक्क्याऐंशीस एकोणीस. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, प्रूफची चूक दिसते, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो. प्रूफची नव्हती. छापखान्याला मजकूर द्यायची घाई होती, आणि मी ते उदाहरण शाळकरी पोरासारखं वजाबाकी करून सोडवलं होतं.

पुढच्या आवृत्तीच्या वेळी मला कावीळ झाली. त्याच्या पुढच्या वेळी मुलीचं, सोनलचं, लग्न होतं. त्याच्या पुढच्या वेळी काहीच नव्हतं, फक्त कंटाळा होता. एक उदाहरण बदलायचं म्हणजे स्पष्टीकरण बदला, पर्याय बदला, मागची उत्तरांची यादी बदला. जाऊ दे, कोण बघतंय? अशा बारा आवृत्त्या गेल्या. तोवर बाजारातल्या आणखी चार गाइडांनी माझं उदाहरण उत्तरासकट उचललं होतं. एकाने दुधाचं सरबत केलं, एवढाच काय तो फरक. चूक पाच पुस्तकांत छापून आली की तिला संदर्भ म्हणतात.

सप्टेंबरात परीक्षा झाली. एका खात्याच्या कारकुनांच्या अकरा जागा होत्या. ऑक्टोबरात पहिली उत्तरतालिका आणि सगळ्यांचे गुण एकाच दिवशी संकेतस्थळावर आले. पेपरात माझं उदाहरण जसंच्या तसं होतं, चाळीस लिटर, चार लिटर, सगळं तेच. उत्तरतालिकेत बरोबर पर्याय दाखवला होता चारास एक.

त्या संध्याकाळी सिद्धेशचा फोन आला. सिद्धेश आमच्या क्लासचा हिरा. खोपटला राहतो, वडील एसटीत ड्रायव्हर. चोवीस वर्षांचा आहे आणि माझं गाइड त्याने तीनदा पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवलं आहे.

"सर, एकशे चोपन्न आलेत! ग्रुपवर सगळ्यांचे मार्क जमवलेत. मी अकरावा आहे. लास्ट, पण आत आहे." त्याचा आवाज फुटत होता. "आणि सर, मिश्रणवालं सेम आलेलं. मी पूर्ण वाचलं पण नाही, डायरेक्ट चारास एक मारलं. तुमचं गाइड नसतं तर मी बाहेर असतो."

मी शाब्बास म्हणालो. वडिलांना दे म्हणालो. ड्रायव्हरसाहेब फोनवर रडले.

दुसऱ्या दिवशी दोन बॅचच्या मधल्या वेळेत सगुणाताई आल्या. त्यांना एकशे बावन्न होते. एका प्रश्नाला दोन गुण. त्या बाराव्या होत्या.

"तुम्ही एक्क्याऐंशीस एकोणीस लिहिलंत," मी म्हणालो. विचारायची गरज नव्हती.

"हो सर."

"मी सांगितलं होतं ना, गाइडातलं लिहा म्हणून?"

"सांगितलेलं. पन हात नाय वळला माझा. पर्यायात बरोबर उत्तर दिसत असताना खोटं कसं लिवायचं?"

मग त्यांनी पिशवीतून झेरॉक्स काढल्या. चार गाइडांची पानं, प्रत्येकात तेच उदाहरण, तेच उत्तर. हरकत नोंदवायला पाच दिवस होते आणि तिला छापील आधार जोडावा लागतो. त्यांनी परीक्षेच्या कार्यालयात चौकशी केली होती. तिथल्या माणसाने सांगितलं होतं, बाई, पाच पुस्तकं एक सांगतात आणि तुम्ही हाताने सोडवून दुसरं सांगता, याला कोण विचारणार?

"सर, हे चौघं तुमचंच बघून छापतात. तुमचं पुस्तक सगळ्यात जुनं. तुम्ही लिहून दिलंत, की माझ्या पुस्तकात चूक हाय, तर त्यांना मानावं लागंल. दुसरं काय मागत नाय मी."

मी घड्याळाकडे पाहिलं. माणूस दमला की घड्याळाकडे बघायची त्याला छान सवय लागते.

"उद्या या," मी म्हणालो.

त्या गेल्या आणि विनीत आत आला. विनीत क्लासचा मालक. पंधरा वर्षांपूर्वी माझाच विद्यार्थी होता, परीक्षेत कधी पास झाला नाही, म्हणून क्लास काढला. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, तो स्वतःच सांगतो.

"काय म्हणत होत्या खडवलीच्या ताई?"

मी सांगितलं.

"सर, डोक्याला ताप करून घेऊ नका. सिद्धेशचा फोटो बॅनरवर गेलाय. तुमची एक सही आणि त्याचे दोन मार्क गेले. त्या आत, तो बाहेर. शिवाय लोक म्हणणार, अख्खं गाइडच चुकीचं. सतरावी आवृत्ती कोण घेणार?" मग तो हळूच म्हणाला, "आणि सर, तुम्ही थकलाय. कशाला हे सगळं?"

हे मात्र त्याने बरोबर ओळखलं होतं. मी थकलोच होतो. थकवा ही इतकी सोयीची गोष्ट आहे, की तिच्यामागे काहीही लपवता येतं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, मी उद्या या म्हणालो. तिसऱ्या दिवशीही तेच. प्रत्येक वेळी त्या "बरं सर" म्हणून उठायच्या. एकदाही आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला चिडता आलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. चौथ्या दिवशी त्या आल्याच नाहीत. मुलगी एकटी घरी होती आणि म्हैस व्यायला झाली होती, असा मेसेज आला. खाली लिहिलं होतं, 'उद्या पाचपर्यंत वेळ आहे सर.'

त्या दुपारी मी घरी जेवायला गेलो. नंदाने, माझ्या बायकोने, ताक केलं होतं. जेवण झालं, ती आतल्या खोलीत आडवी झाली, आणि मी ओट्यापाशी उभा राहिलो. का, ते सांगता येणार नाही. एक पातेलं घेतलं आणि पेल्याने मोजून दहा पेले ताक त्यात ओतलं. घट्ट होतं, चांगलं आंबट. एक पेला काढून दुसऱ्या टोपात ओतला. नळाचं एक पेला पाणी पातेल्यात घातलं, ढवळलं. पुन्हा एक पेला काढला. पुन्हा पाणी. बोटांवर मोजत होतो, चुकायला नको म्हणून. एकवीस वर्षं हे फळ्यावर केलं होतं, पण हात कधी ओला झाला नव्हता.

दहाव्या पेल्यानंतर पातेल्यात पाहिलं. पांढुरकं होतं. चमचाभर तोंडात घेतलं. आंबट लागलं. फिकं, पाणचट, पण ताकच होतं ते.

मला एकदम रडू आलं. मोठ्याने नाही, पण आलं. मनात वर्ग दिसत होता, हात वर केलेली बाई दिसत होती आणि खो खो हसणारा मी दिसत होतो. तिने चूक दाखवली म्हणून मी तिच्या म्हशी काढल्या होत्या.

"काय चाललंय?" नंदा दारात उभी होती. "एवढ्या चांगल्या ताकाचं काय केलंत तुम्ही?"

मी तिला सगळं सांगितलं. जगनपासून. तिने दोन्ही टोपांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला त्यातलं गणित कळत नाही. पण तुम्ही गेले चार दिवस दमलोय, दमलोय म्हणताय ना, ते दमणं नाही. तुम्हाला लाज वाटतेय." मग तिने काढलेल्या ताकाचा टोप उचलला. "याची कढी करते. तुमच्या त्या पातेल्यातलं तुम्हीच प्या."

मी प्यायलो. मग टेबलाशी बसून पत्र लिहिलं. 'माझ्या पुस्तकातील पान एकशे बारावरील उदाहरण सातचे उत्तर चुकीचे असून योग्य उत्तर एक्क्याऐंशीस एकोणीस आहे.' खाली पायऱ्या मांडून दाखवल्या. इतकं झाल्यावर पेन थांबलं. चूक कशी झाली, तेही लिहायला हवं होतं. मी लिहिलं, 'ही नजरचूक असून ती नुकतीच निदर्शनास आली आहे.' सही केली. नुकतीच. बारा वर्षं त्या एका शब्दात मावली, आणि मला तेव्हा तो शब्द अगदी बरोबर वाटला.

सकाळी साडेदहाला सगुणाताईंना पत्र दिलं. त्यांनी तिथेच उभ्याने वाचलं, दोनदा. म्हणाल्या, "सर, त्या सिद्धेशचं काय होनार?"

"तो चोवीसचा आहे. त्याला पुष्कळ परीक्षा आहेत."

"ते हाय. पन त्याच्या घरी पेढे वाटून झालेत," त्या म्हणाल्या, आणि पत्र पिशवीत जपून ठेवलं.

महिन्याभराने अंतिम उत्तरतालिका आली. एक्क्याऐंशीस एकोणीस. सगुणाताई अकराव्या, सिद्धेश बारावा, प्रतीक्षा यादीत पहिला. अकरापैकी कोणी जागा सोडली असती तर त्याला बोलावलं असतं. कोणी सोडली नाही. अशा जागा कोण सोडतं?

सगुणाताई जानेवारीत रुजू झाल्या. वाढदिवसाच्या तीन आठवडे आधी. पहिल्या दिवशी ऑफिसला जाताना क्लासमध्ये डोकावल्या, नवी साडी, गळ्यात ओळखपत्र. माझ्या पाया पडायला वाकल्या, तेव्हा मी मागे सरकलो. म्हणालो, नको. त्यांना वाटलं, सर लाजतात.

सिद्धेशने माझा फोन उचलला नाही. विनीतने बॅनर उतरवला आणि त्याच्या जागी शाळेच्या सुट्टीतल्या बॅचचा लावला. माझ्याशी तो कामापुरतं बोलतो. सतराव्या आवृत्तीत पान एकशे बारा बदललं. प्रकाशकाच्या माणसाने ते दहा मिनिटांत केलं. खरंच दहा मिनिटांत, मी समोर बसून घड्याळ लावलं होतं.

मार्चमध्ये नवी बॅच सुरू झाली, आणि तिसऱ्या बाकावर सिद्धेश येऊन बसला. फी भरून. विनीतने सवलत देऊ केली होती, ती त्याने घेतली नाही. महिनाभर तो यायचा, लिहायचा, जायचा. माझ्याकडे बघायचा नाही. निकालाच्या धक्क्याने रजेवर गेलेले वडील पुन्हा ड्युटीवर लागले होते, एवढं दुसऱ्या मुलांकडून कळलं.

मग मिश्रणांचा दिवस आला. दर बॅचला येतोच तो. मी फळ्यावर उदाहरण लिहिलं. चाळीस लिटर. चार लिटर. म्हणालो, "ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती आहे त्यांनी पान एकशे बारा काढा. उदाहरण सात. चारास एक खोडा आणि एक्क्याऐंशीस एकोणीस लिहा. उत्तर चुकलं होतं."

पानं उलटल्याचा आवाज झाला. जुनं गुलाबी गाइड वर्गात तिघा-चौघांकडे होतं. त्यातलं सगळ्यात विस्कटलेलं सिद्धेशचं. त्याने पान काढलं, पण पेन उचललं नाही.

"सर," तो म्हणाला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. "पत्रात तुम्ही लिहिलेलं की चूक नुकतीच कळली. ताईंनी दाखवलेलं मला पत्र. ताईंनी तर गेल्या मेमध्ये वर्गातच सांगितलेलं. मी होतो तेव्हा. तुम्हाला नक्की कधी कळलेलं?"

बाकीची पोरं माझ्याकडे बघायला लागली. त्यांना वाटलं, चाललंय काहीतरी गणिताचं. मला खुर्ची जवळ घ्यावीशी वाटली. गुडघे कुरकुरत होते, घड्याळ समोरच होतं, आणि 'पुढचं घ्या' हे दोन शब्द जिभेवर तयार होते. आयुष्यभराची सवय आहे ती.

"बारा वर्षांपूर्वी," मी म्हणालो. "तुझ्यासारख्याच एका मुलाने दाखवलं होतं. मी दुरुस्त केलं नाही. आणि ताई म्हणाल्या तेव्हाही मला माहीत होतं. पत्रात नुकतीच लिहिलं, ते खोटं लिहिलं."

सिद्धेशने पुन्हा त्या पानाकडे पाहिलं. मला वाटलं तो उठून जाईल, निदान ओरडेल. त्याने तसं काही केलं नाही. त्याने पेन घेतलं, रेघ मारली, वर बारीक अक्षरात एक्क्याऐंशीस एकोणीस लिहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"तेव्हा सांगितलं असतंत तर मी पण एक्क्याऐंशीस एकोणीसच लिहिलं असतं, सर," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलेलं मी कधी चुकवलं नाय."

"हो," मी म्हणालो. "लिहिलं असतंस."

मी खडू उचलला. चाळीसमधलं शून्य वेडंवाकडं आलं. ते पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून, एकेक पायरी मोठ्याने म्हणत, ते उदाहरण सोडवायला घेतलं.